रॅशिओसिनेट, मिस कुमुद आणि माझा पेन

एका इंग्रजी क्रियापदामुळे भंडारा जिल्ह्याने आपली सगळ्यात देखणी नायिका गमावली, आणि ते क्रियापद सानगडीत आणणारा माणूस मी.

ही गोष्ट मी चाळीसेक वर्षं टाळत आलो. घरात विषय निघाला की मी हात धुवायला उठायचो (जेवण वाढायच्या आधीसुद्धा). नातवंडांनी विचारलं, "आबा, एकोडीचे आजोबा आधी नाटकात होते ना?" की मला खोकला यायचा. आता खोकला खराच येतो, त्यामुळे तो बहाणा गेला. म्हणून ठरवलं आहे. आज सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि शेवटी त्या माणसाची माफी मागायची. मागायचीच. मध्ये कोणी चहाला हाक मारू नये.

तर ते क्रियापद म्हणजे रॅशिओसिनेट.

अर्थ असा, की एका माहीत असलेल्या गोष्टीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा पायऱ्या चढत चढत विचारानेच निष्कर्षापर्यंत पोचणे. मराठीत 'तर्क करणे' म्हटलं तरी भागतं. पण मी नुकताच नागपुरात बी.एड.ला गेलो होतो, आणि भागवून घेणं हे माझ्या वयाला शोभणारं नव्हतं.

वर्गात एकदा भयंकर उकडत होतं. प्राध्यापकांनी मला खिडकी उघडायला सांगितली. मी म्हणालो, सर, खिडकी उघडली तर धूळ येईल, धूळ आली तर फळा खराब होईल, फळा खराब झाला तर पुसावा लागेल, आणि पुसला तर धूळच उडणार. म्हणजे धूळ टाळायला धूळ. ते घाम पुसत म्हणाले, "रॅशिओसिनेट करत बसू नका हो, खिडकी उघडा."

मी शब्दकोश उघडला.

अर्थ वाचला आणि मला वाटलं, हे क्रियापद माझ्यासाठीच जन्माला आलं आहे. पास होऊन मी सानगडीच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो (सत्तरचं दशक संपत आलं होतं) आणि येताना ट्रंकेत कपडे कमी आणि हे क्रियापद जास्त घेऊन आलो. नववीच्या पोरांना ते शिकवलं. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी पायरी पायरीने सिद्ध करून दाखवलं की गृहपाठ न करणं हेच शिक्षकाच्या डोळ्यांसाठी हिताचं आहे. मला त्याचा अभिमान वाटला. मुख्याध्यापकांना वाटला नाही.

घरी तर विचारू नका. एकदा दूध सांडलं होतं. मी पातेल्याची दिशा, उंबरठ्यावरची ओल आणि चुलीजवळची राख पाहून जाहीर केलं की हे मांजराचं काम. माझी धाकटी बहीण शकुंतला, म्हणजे आमची शकू, भाकर थापता थापता म्हणाली, "दादा, थे मांजर तुह्या पायापाशीच मिशा चाटून राहिलं."

पण निष्कर्ष बरोबर होता की नाही? माझा उत्साह वाढला.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, आमचं धान कापून झालं होतं आणि कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाळत पडल्या होत्या. (कापलेलं धान शेतातच ओळीने आडवं टाकून ठेवतात, त्या कडपा.) आभाळ भरून आलं. बाबूजी, म्हणजे माझे वडील, म्हणाले की भारे बांधून घेऊ. मी त्यांना थांबवलं. ढग पूर्वेला आहेत, वारा पूर्वेकडेच वाहतो आहे, म्हणजे ढग आपल्यापासून दूर जाणार, म्हणजे पाऊस येणार नाही. तर्कात एक खोट नव्हती. पाऊस पश्चिमेकडून आला.

माय ओलं धान पालथवत म्हणाली, "पायऱ्या बराबर चढलास बापा. पन वर माडीच नव्हती."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, उद्या वर्गात उदाहरण म्हणून उपयोगी पडेल म्हणून.

आणि मग सानगडीची मंडई आली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, भजी, घरोघरी पाहुणे आणि रात्रभर नाटक. पण मंडईचं खरं काम सोयरिकीचं. नाटकाच्या निमित्ताने पोरं-पोरी एकमेकांना लांबून पाहून घेतात, बाया चुलीपाशी कुजबुजून सगळं ठरवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमाणसं बैठकीत बसून असा चेहरा करतात की कोणाला काहीच ठाऊक नाही. या बैठकीचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सर्वांना पाठ आहे. जी गोष्ट बैठकीत बोलली जात नाही ती चालून जाते. जी बोलली गेली, तिचा निकाल तिथेच लावावा लागतो. म्हणून शहाणी माणसं सोयरिकीत हवापाण्यावर बोलतात.

हा कायदा मला पाठ नव्हता. मला क्रियापद पाठ होतं.

त्या वर्षी आमच्या मंडईत एकोडीच्या मंडळाचं नाटक होतं. पडदा उघडण्याआधी भोंग्यावरून सांगितलं, नायिकेच्या भूमिकेत नागपूरच्या सुप्रसिद्ध मिस कुमुद. आता खेड्यातल्या मंडळात नायिकेचं काम गावातलाच एखादा पोरगा करायचा आणि 'मिस अमुक, नागपूर' हे त्याचं रंगमंचावरचं नाव असायचं, हे पाळण्यातलं लेकरूही सांगू शकलं असतं. पण त्या सुमारास मोठ्या मंडळांनी नागपूरहून खऱ्या नट्या आणायला सुरुवात केली होती. शिवाय मिस कुमुदचा आवाज काय, चाल काय! अशी तयारी एकोडीत होणं शक्य नाही, म्हणजे ती बाहेरची, म्हणजे ती नागपूरची, म्हणजे भोंगा खरं बोलतो. निष्कर्ष पक्का.

तिसऱ्या अंकात तिचा नवरा घर सोडून निघतो. मिस कुमुदने दोन बोटांत पदर धरला, अर्धी वळली आणि पापण्यांखालून असं पाहिलं की मंडपातल्या दणकट माणसांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. लोक बक्षिसं द्यायला धावले. माझ्या खिशात पेनाशिवाय काही नव्हतं. बी.एड. पास झालो म्हणून बाबूजींनी घेऊन दिलेला, हिरवा, सोनेरी टोपणाचा. तो मी दिला. भोंग्यावरून जाहीर झालं, "इंग्रजीच्या गुरुजींकडून मिस कुमुद यांना एक पेन." मंडप हसला. मला वाटलं, कौतुकाने हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूला पाहायला पाहुणे आले. एकोडीचे गोविंदाजी, चांगले धानाचे शेतकरी, आणि त्यांचा मुलगा देवराम. मुलगा उंच, शेलाटा, खाली पाहून बसणारा. स्थळ मोलाचं होतं. बाबूजींनी वर्षभर त्यासाठी फेऱ्या मारल्या होत्या. आणि शकूने (हे मला फार नंतर कळलं) पहाटेच चुलीपाशी मायला सांगून टाकलं होतं, की तिचा हाव, म्हणजे होकार आहे, बैठकीत काय बोलायचं ते बोला.

आमच्याकडे पाहुणा अंगणात आला की आधी पाय धुवायला पाणी. मुलीचा भाऊ म्हणून गडवा माझ्या हातात होता. गोविंदाजींच्या पायावर पाणी घातलं, ते वर गेले. देवरामच्या पायावर घातलं, आणि माझा हात थांबला. त्याच्या टाचांच्या कडेला लाल रंग होता. आलता!

आलता बायकांच्या पायाला असतो. पुरुषाच्या टाचेला तो आपोआप लागत नाही. म्हणजे बाईच्या सहवासात लागला. माझ्या डोक्यात पहिली पायरी बांधून झाली.

मी त्याच्यासमोर बसलो आणि न्याहाळू लागलो. डोळ्यांच्या कडेला काजळाची काळी रेघ, धुऊनही न गेलेली. मनगटावर बांगडी फुटून ओरखडा पडावा तसा ताजा ओरखडा. बाबूजींनी विचारलं, प्रवास नीट झाला का, तर नुसती मान हलवली. गोविंदाजी घाईने म्हणाले, त्याचा गळा बसला आहे. गळा कशाने बसला, ते सांगेनात. माणूस लपवतो म्हणजे लपवण्यासारखं असतं. चार पायऱ्या झाल्या.

तेवढ्यात देवराम चिवड्याची ताटली घ्यायला वाकला आणि त्याच्या खिशातून हिरवा पेन डोकावला. सोनेरी टोपणाचा.

मी उभा राहिलो. बाबूजींनी डोळ्यांनी सांगितलं, बस. मायने दाराआडून बांगड्या वाजवून सांगितलं, बस. बहिणीचा संसार उद्ध्वस्त होताना भाऊ बसून राहत नाही. मी बोलायला सुरुवात केली, आणि आरोप करण्याआधी क्रियापदाचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी मी शिक्षक होतो.

गोविंदाजींना वाटलं, मुलाची इंग्रजीची परीक्षा चालली आहे. ते नम्रपणे म्हणाले, "पोरगा मॅट्रिक हाये, गुरुजी. इंग्रजी निघाली होती त्याची, पहिल्याच झटक्यात."

"प्रश्न इंग्रजीचा नाही," मी म्हणालो. "प्रश्न चारित्र्याचा आहे. यांच्या टाचेला आलता आहे, डोळ्यांना काजळ लागलेलं आहे, मनगटावर बांगडीचा ओरखडा आहे. आणि यांच्या खिशातला पेन माझा आहे. तो काल रात्री मी मिस कुमुदला दिला. आज तो यांच्याकडे आहे. मधल्या वेळात काय घडलं, ते सभ्य घरात मी बोलू शकत नाही."

चिवड्याकडे गेलेले सगळ्यांचे हात ताटलीवरच थांबले. मला वाटलं, सगळे माझ्या तर्काने गार झाले.

गोविंदाजींनी विचारलं, "गुरुजी, नाटक पायलं होतं ना तुमी?"

"पूर्ण पाहिलं."

"कोठून?"

"पहिल्या रांगेतून."

गोविंदाजींनी बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी आढ्याकडे पाहत होते. स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून उलथणं पडलं.

देवराम उठला. आवाज तर नव्हताच त्याला. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, डोक्यावर घेतला, दोन बोटांत त्याची कड धरली, अर्धा वळला आणि पापण्यांखालून माझ्याकडे पाहिलं.

मिस कुमुद!

काय सांगू, माझे हात टाळीसाठी वर गेले. मी ते कसेबसे डोकं खाजवण्याकडे वळवले. मायला हसू फुटलं, गोविंदाजी हसले, आणि क्षणभर मलाही वाटलं की गोष्ट हसण्यावारी गेली, आता चहा येईल. पण बाबूजी हसले नाहीत. कारण ती गोष्ट आता बैठकीत बोलली गेली होती. तोंडी नव्हे, तर दुपट्टा डोक्यावर घेऊन, सगळ्यांच्या समोर. बाबूजींना आधीपासून ठाऊक होतं, की होणारा जवाई नायिका होतो. ठाऊक असून ते गप्प होते, म्हणजे त्यांनी ते चालवून घेतलं होतं. मी नसतो बोललो, तर देवराम लग्नानंतरही दहा-पंधरा वर्षं मिस कुमुद राहिला असता आणि बाबूजी प्रत्येक मंडईत लांब बसून त्याला पाहत राहिले असते.

ते सावकाश म्हणाले, "गोविंदाजी, आता बोलनं निघालंच हाये, त सांगतो. माहा जवाई लुगडं नेसून उभा राहीन, हे मले चालनार नाई."

गोविंदाजींचं हसू गेलं. "लपवलं नव्हतं काही आमी. आख्खा तालुका पायते माह्या पोराले."

"पाहू द्या. माह्या पोरीचा नवरा म्हून नको."

गोविंदाजी उठले आणि त्यांनी वहाणा पायात घातल्या. चहा तसाच राहिला होता. पाहुणा चहा न घेता निघाला म्हणजे सोयरीक मोडली, याला कुठलीही पायरी लागत नाही.

देवराम मात्र हलला नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात शकू उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिने मान हलवली. नाही, अशी. तेव्हा मला वाटलं, ती त्याला नाकारते आहे. तसं नव्हतं. ती त्याला सांगत होती, नाटक सोडू नको.

"बाबा, बसा," देवराम म्हणाला. आवाज नव्हताच, नुसता घरघराट. "सोडलं म्या."

मग त्याने खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला. "गुरुजी, हा घ्या. कुमुदले देल्ला होता तुमी."

मी म्हणालो, "राहू द्या हो तुमच्याकडेच."

"कोनासाठी राहू देऊ?"

मी पेन घेतला.

लग्न झालं, उत्तम झालं. दोघांचा संसार असा, की लोक उदाहरण देतात. लग्नानंतर वर्षभराने शकू माहेरी आली तेव्हा तिने मला एकदाच सुनावलं. "दादा, मी कुमुदले पाहूनच हाव म्हनली होती. तू मले नवरा देल्ला, पन कुमुद घालवली."

पुढच्या मंडईला एकोडीच्या मंडळाने नागपूरहून खरी नटी आणली. ती दुसऱ्या अंकात वाक्य विसरली. मागून लोक ओरडले, "कुमुदले आना!" देवराम माझ्या शेजारीच बसला होता, शकूने विणलेला मफलर कानाला गुंडाळून. मी चोरून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. नायिकेचं प्रत्येक वाक्य, नटीच्या आधी, बिनआवाजाचं. तिसऱ्या अंकात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मफलरच्या कडेवर गेली आणि मध्येच थांबून मांडीवर परत आली. त्यानंतर मी समोरच्या गॅसबत्तीचा फार बारकाईने अभ्यास केला.

घरी येऊन शब्दकोश काढला. म्हटलं, या क्रियापदाचा एकदा निकाल लावू. अर्थ तोच होता. पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत उपयोग दिलेला होता, जो मी खिडकीच्या दिवशी वाचलाच नव्हता. हा शब्द बहुधा चेष्टेने वापरतात, नको तिथे फार तर्क चालवणाऱ्या माणसाविषयी. म्हणजे प्राध्यापकांनी मला शब्द शिकवला नव्हता. त्यांनी माझं वर्णन केलं होतं! आणि सगळी ओळ धुंडाळली तरी, निष्कर्ष खरा निघतो असं त्या शब्दकोशात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी माफी मागतो आहे. म्हणजे मागायला जातो आहे.

पहिल्यांदा गेलो भाच्याच्या बारशाला. वाटेत विचार केला, की आज आनंदाचा दिवस आहे, आनंदात जुनी गोष्ट काढली तर विरजण पडेल, म्हणून आज नको. दुसऱ्यांदा गेलो गोविंदाजी वारले तेव्हा. विचार केला, आज दुःखाचा दिवस आहे, त्यात आपलं ओझं कशाला. मग उरले साधे दिवस. पण साध्या दिवशी एवढी मोठी गोष्ट काढली तर माणूस घाबरेल. असा मी पायरी पायरीने ऐंशीचं सगळं दशक उतरलो, आणि त्याच्या पुढचीही. जवाईबापू, म्हणजे आमचा देवराम, दर वेळी मला पाटावर बसवायचे, आधी मला वाढायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, घ्या ना अजून." मी घ्यायचो. तोंडात घास असताना माफी मागता येत नाही, हे सिद्ध करायला तर्काचीही गरज नाही.

मागच्या मंडईला मात्र निश्चय करून एकोडीला गेलो. पेन खिशात घेतला. जवाईबापू अंगणात नातीला शिकवत होते. तिचं शाळेत नाटक होतं. "पदर मुठीत नाई धरत बाई," ते तिला सांगत होते, "दोन बोटांत. आन पूर्न नाई वळत. अर्धी." म्हातारा माणूस अर्धा वळला, आणि मला पुन्हा तो मंडप दिसला.

नात आत पळाली. मी म्हणालो, "जवाईबापू, मला तुमच्याशी एक बोलायचं आहे."

"बोला ना, गुरुजी."

मी बोलायला लागलो. समोरच्याला नीट कळावं म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. नागपूर सांगितलं, प्राध्यापक सांगितले, क्रियापदाचा अर्थ सांगितला, मांजर सांगितलं, कडपा सांगितल्या. जवाईबापू मान हलवत ऐकत होते. मध्ये चहा झाला. मी आलत्यापर्यंत पोचलो. काजळ झालं, ओरखडा झाला. पेन खिशातून काढून हातात घेतला. आता एकच पायरी उरली होती, आणि फाट्यावर साकोलीच्या शेवटच्या एस.टी.चा हॉर्न वाजला.

"पळा, गुरुजी," जवाईबापू म्हणाले. "चुकली त मुक्काम पडन."

मी पळालो! त्या वयात, पेन मुठीत धरून! बस मिळाली. खिडकीतून पाहिलं, तर ते दारात उभे होते आणि हात हलवत होते.

म्हणूनच हे लिहायला घेतलं. शकू त्यांना वाचून दाखवेल, त्यांना आता जवळचं दिसत नाही. लेखाच्या मध्ये एस.टी. येत नाही आणि इथे मला पाटावर बसवून कोणी वाढतही नाही. तेव्हा जवाईबापू, आता नीट ऐका. मला तुम्हाला फक्त एकच गोष्ट सांगायची आहे, तीही एका वाक्यात. पण ती बरोबर कळावी म्हणून थोडं मागून सुरुवात करतो. त्याचं असं झालं, की मी नागपुरात बी.एड.ला होतो, वर्गात भयंकर उकडत होतं, आणि खिडकी बंद होती...